चव्वेचाळिसावा त्रिकोण

३ फेब्रुवारी

चि. मोजणीदारबाई,

आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस, म्हातारपणी बाटलीला लागलेलो नाही. ओळीखाली पट्टी धरून लिहितोय, तरी ओळ उतरणीला लागते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागचा पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात आणि तोंडाच्या जागी धुरकट डाग. चाळीस वर्षं बारीक रेघा ओढल्या त्याचं हे फळ का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, हे वयाचं आहे, कामाचं नाही." म्हणजे दोष द्यायलाही काही उरलं नाही.

पत्राचं कारण एवढंच की दुकान बंद करतोय. पुढची खोली मार्चअखेर घरमालकाला परत द्यायची आहे. मागच्या दोन खोल्यांत मला एकट्याला चिकार जागा आहे, आवाज केला तर घुमतो. छिन्न्या, हातोड्या, कर्कटकं, पत्रा घट्ट बसवायची राळेची लाकडी परात हे सगळं कोपऱ्यावरचा तांबट घेऊन जाणार आहे. उरलेलं तांबंही तोच नेईल. पंचवीस मार्चला त्याची भट्टी लागणार, त्यात सगळे फसलेले पत्रे वितळवायचे.

त्यात ते मोठं श्रीयंत्रही आहे, अर्धं राहिलेलं. तुझी आई गेली त्या दिवशी जे पुढ्यात होतं ते. सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं आहे. तेही भट्टीत जाऊ दे असं म्हणतो. अर्धवट यंत्र पूजेला चालत नाही आणि पुरं करणारे डोळे आता नाहीत. तुला यातलं काही हवं असेल तर पंचवीसच्या आत कळव.

त्या दिवसाचं पुन्हा उगाळत नाही. पहिल्या वर्षी दोन पत्रं टाकली होती, त्यात सगळं लिहिलं होतं. मी कोरत होतो, हातोडीच्या आवाजात तुझ्या आईची हाक मला ऐकू आली नाही. एवढंच होतं आणि एवढंच आहे.

तुझा नवा पत्ता मावशीकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस. तू नकाशांच्या कचेरीत दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा तपासतेस असं ती म्हणाली. ऐकून बरं वाटलं. सात वर्षांची असल्यापासून तेच करत आलीस.

बाबा


१९ फेब्रुवारी

चि. मोजणीदारबाई,

उत्तर नाही. येईल असं वाटलं नव्हतं, तरी रोज अकरा वाजता दारातल्या पेटीत हात घालून बघतो. दिसत नसल्यामुळे हात घालावा लागतो. काल एक गोगलगाय निघाली.

परवा एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. घरातलं जुनं श्रीयंत्र घासून घासून गुळगुळीत झालंय, रेघा पुन्हा खोल करून द्याल का म्हणाल्या. मी डोळ्यांचं सांगितलं. बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मग निदान अर्थ तरी सांगा. विकणारा म्हणाला होता, उत्तरेला ठेवा, भरभराट होईल. तीस वर्षं ठेवलं. भरभराट राहू द्या, पण मी रोज नेमकी कशाला हात जोडते ते तरी कळू दे."

तूही हेच विचारलं होतंस. आठ वर्षांची होतीस. मी म्हणालो होतो, मोठी झालीस की सांगेन. मग तू मोठी झालीस आणि मला वेळ झाला नाही. बाईंना जे सांगितलं तेच लिहितो, तुझा अर्ज फार जुना आहे.

बाहेरची चौकट म्हणजे आपलं घरदार, हिशेब, हेवेदावे, जे काही रोजचं असतं ते. तिला चार बाजूंना चार दारं. आत शिरलं की वर्तुळं, मग सोळा पाकळ्या, मग आठ. त्या मनाच्या ओढी. एकेक मागे ठेवत पुढे जायचं. मग त्रिकोणांचं रान लागतं. मोठे त्रिकोण नऊच. चारांचं टोक वर, तो शिव. पाचांचं टोक खाली, ती शक्ती. पण ते एकमेकांत असे शिरलेत की कुठली रेघ कुणाची ते सांगता येत नाही, आणि त्या गुंत्यातून बारीक बारीक त्रेचाळीस त्रिकोण तयार होतात. त्यांच्या पोटात बिंदू. तिथे तो आणि ती अशी दोन उरत नाहीत. बिंदूतून बाहेर आलं की जग होतं. बाहेरून बिंदूत गेलं की माणूस घरी पोचतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. आपल्या घराण्यात बाहेरून आत जायची रीत, म्हणून आधी चौकट आणि सगळ्यात शेवटी बिंदू.

बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आत एकदाच जायचं तर दारं चार कशाला? एक पुरे की." चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. चार दिशा, म्हणून चार दारं, असं काहीतरी पुटपुटलो. बाईंना पटलं नाही. शिक्षिकेला कॉपी लगेच कळते.

त्या गेल्यावर तुझी मोजणी आठवत बसलो. शाळेतून आलीस की दप्तर टाकायचं, हात धुवायचे आणि तयार यंत्रासमोर मांडी घालून काडीने एकेक त्रिकोण मोजायचा. बाहेरचे चौदा, मग दहा, पुन्हा दहा, मग आठ, मग एक. "त्रेचाळीस! पास!" असं तू ओरडल्याशिवाय माल दुकानाबाहेर जात नसे. तीन रेघा जिथे एकमेकींना भेटतात तिथे केसभर चूक झाली तर मध्ये तिळाएवढा फालतू त्रिकोण उरतो. मी तो बघून न बघितल्यासारखं करायचो. तू मात्र बोट ठेवायचीस. "चव्वेचाळीस. नापास." गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी! एकदा त्यावरून तुला मी खोलीबाहेर काढलं होतं, आणि तुझ्या आईने मला.

बिंदू आम्ही दोघं द्यायचो, ते तुला आठवतच असेल. एकाने टोचा धरायचा, दुसऱ्याने हातोडीचा एकच ठोका द्यायचा. दुसरा ठोका नाही. माझे वडीलही एकट्याने बिंदू देत नसत. जिथे दोघं एक होतात ती जागा एकट्याने कशी करायची, म्हणायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच बिंदूला हातोडी तुझ्या आईच्या अंगठ्यावर बसली. ओरडली नाही. म्हणाली, "झाले शिव-शक्ती एक. आता बर्फ आणा." पुढे चोवीस वर्षं टोचा तिनेच धरला आणि पुन्हा कधी हात मागे घेतला नाही. ती गेल्यावर या दुकानातून एकही बिंदू बाहेर पडलेला नाही. लोकांना मी चौकटी, पाकळ्या, नावाच्या पाट्या, षट्कोन असलं काहीबाही करून दिलं.

त्या दिवशी सुई खाली ठेवून मी उठलो तेव्हा... हातोडी म्हणायचं होतं. हातोडी खाली ठेवून. हात थकला की असलं काहीतरी लिहून जातो. इथेच थांबतो.

बाबा


८ मार्च

मोजणीदार,

आज तांबट माल बघायला आला होता. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, बोलायला मोकळा. सगळे पत्रे उलटेपालटे करून बघत होता आणि भिंतीकडच्या मोठ्या यंत्रापाशी अडला.

"काका, हे कोरलंच नाहीये की."

"चौकट कोरलीय."

"चौकटच. आतलं सगळं नुसतं आखलंय, सुईने. कोरलेली एक रेघ नाही."

"तुला वितळवायचंय ना? मग कोरलेलं काय आणि आखलेलं काय!"

मी इतक्या जोरात बोललो की त्याने हातातला पत्रा खाली ठेवला. बिचारा काय वाईट बोलला होता? चहा न घेता गेला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आता लिहूनच टाकतो. आपली पद्धत तुला माहीत आहे, चौकट आधी कोरून घ्यायची म्हणजे आतल्या आखणीला कड मिळते. चौकट मी आदल्या दिवशी कोरली. त्या दिवशी सकाळपासून आखणीला बसलो होतो. आखणीला सुई लागते, हातोडी लागत नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं का? नसेल. घरात माणसं होती, रडारड होती, कोण काय विचारत होतं आणि मी काय सांगत होतो याचा मेळ नव्हता.

पण मी म्हणतो, तू तरी काय केलंस? पंधरा दिवस घरात होतीस. पंधरा दिवसांत एकच प्रश्न विचारलास, "हातोडी चालू होती का बाबा?" मी हो म्हणालो. तू मान हलवलीस, बॅग भरलीस आणि गेलीस. सहा वर्षं! शिव्या दिल्या असत्यास तर परवडलं असतं. तुझ्या आईचाच स्वभाव, पण ती निदान संध्याकाळपर्यंत बोलायला लागायची.

आणि समज ऐकू आलं असतं, तरी लगेच उठता आलं नसतं. उघडा त्रिकोण सोडून उठायचं नाही, हा माझ्या वडिलांचा नियम. दोन बाजू झाल्या आणि तिसरी राहिली तर घराला आग लागली तरी आधी तिसरी पुरी करायची. उठून परत बसलं की हात बदलतो, रेघ रेघेला ओळखत नाही. मी बारा वर्षांचा असताना त्यांनी हे मला सांगितलं, आणि पुढे रोज सांगितलं. ही नुसती कारागिरी नाही, उपासना आहे, म्हणायचे. बाहेरचं बाहेर राहिलं तरच आतलं जमतं. मी तो नियम कधी मोडलेला नाही. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, तुला सांगायला बांधलेलो नाही.

पत्र फाडणार होतो. पण दोन तास लागले लिहायला, म्हणून टाकतो.

बाबा


२१ मार्च

चि. मोजणीदारबाई,

मागच्या पत्रात फार बोललो. ते पत्र तू वाचलं नसशील तर वाचू नकोस.

आज तांबट पुन्हा आला. येताना स्वतःच बिस्किटं घेऊन आला, म्हणजे भांडण मिटलं. माळ्यावर माझ्या वडिलांची पत्र्याची पेटी होती, ती खाली काढली. आत त्यांचे खाके. यंत्र तांब्यावर घेण्याआधी ते जाड कागदावर सुईनेच आखून बघायचे, ते कागद. मला वाटलं होतं सगळे पुरे झालेले असतील. तांबट म्हणाला, "काका, यातले बरेच अर्धवट आहेत." मी म्हटलं शक्य नाही. माझा बाप उघडा त्रिकोण सोडून उठणारा नव्हता.

"अहो, इथे काहीतरी लिहिलंय पेन्सिलीने. रेघ जिथे तुटलीय तिथे छोटी फुली आहे आणि बाजूला लिहिलंय, 'दूध उतू. उठलो.'"

मला हसू आलं. दुसरा काढला. "शेजारी हाणामारी. उठलो." तिसरा. "हिला चक्कर. उठलो." हिला म्हणजे माझ्या आईला. एकूण नऊ कागद. नऊही ठिकाणी फुली, तारीख, कारण आणि 'उठलो'. बिघडलेला कागद त्यांनी फेकला नाही की कुणाला दाखवला नाही. नवा कागद घेऊन पहिल्यापासून काढला असणार आणि हा पेटीत ठेवला असणार.

शेवटचा तांबटाने वाचला तेव्हा मी खिडकीत उभा होतो. "'पोर पडलं. उठलो.' काका, ही रेघ बघा, पार कागदाच्या बाहेर गेलीय. सुई हातात घेऊनच धावले वाटतं." मी तारीख विचारली. मी चार वर्षांचा होतो तेव्हाची निघाली.

माझ्या हनुवटीवर व्रण आहे, लहानपणी तू त्यावर बोट फिरवायचीस. मी जिन्यावरून पडलो होतो. आई नेहमी सांगायची की तुझे बाबा हातात सुई घेऊन धावत आले आणि तुला उचलताना ती त्यांच्याच तळहातात घुसली. गोष्ट पन्नास वेळा ऐकली असेल. पण तेव्हा ते कामावरून उठले असणार, त्यांचा एखादा त्रिकोण उघडा राहिला असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

ज्या नियमाचं बोट धरून मी जन्मभर बसलो, तो घालून देणाऱ्याने तो नऊ वेळा मोडला होता. त्यातली एक वेळ माझ्यासाठी.

तांबट म्हणाला, "काका, बसा." मी खाली बसलो. कागद पेटीत परत ठेवून तो गेला. परवा सकाळी माल न्यायला येतो म्हणाला.

बाबा


२२ मार्च

बाळ,

आज मोजणीदार म्हणत नाही, कारण आज मी हसवायला बसलेलो नाही.

मी तुझ्या आईची हाक ऐकली होती.

दुपारचे सव्वातीन झाले असतील. नववा, शेवटचा मोठा त्रिकोण चालू होता, टोक खाली असलेला. दोन बाजू झाल्या होत्या. तिसऱ्यासाठी पट्टी लावली होती आणि सुई टेकवली होती. खोलीत काही आवाज नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा होता तेवढाच. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "अहो, जरा येता का?" आवाज नेहमीसारखा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो, "आलो." पण उठलो नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अहो." एवढंच, पुढे काही नाही. मी म्हणालो, "आलो म्हटलं ना." हे मी चिडून म्हणालो. तिने ऐकलेलं माझं शेवटचं वाक्य ते.

मग मी रेघ ओढली. ती सावकाश ओढावी लागते, तुला माहीत आहे. ओढत असताना आत काहीतरी पडलं. स्टूल होतं. हात हलला. रेघ जिथे दुसऱ्या दोघींना मिळायची तिथे मिळाली नाही, केसभर बाजूने गेली. आणि मी काय केलं असेल? उठलो का? नाही. चूक झाली म्हणून सुई उचलून तशीच धरून बसलो आणि ती झाकता येईल का ते बघत राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. मिनिट असेल, तीन असतील. मग उठलो.

ती जमिनीवर होती, पाठ कपाटाला टेकलेली. पुढचं तुला ठाऊक आहे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वाचल्याच असत्या असं नाही सांगता येत, पण थोडा वेळ हाताशी असता तर प्रयत्न करता आला असता. ते मी तुला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले काही उपयोग झाला नसता, असं सांगितलं. आणि संध्याकाळी तू आलीस तेव्हा पहिलं वाक्य तोंडातून हातोडीचं निघालं. कुणी विचारलंही नव्हतं. एकदा निघाल्यावर मग तेच धरून बसलो.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होतो की मी आत गेलो होतो, उपासनेत होतो, म्हणून बाहेरचं ऐकू आलं नाही. पण मला सगळं ऐकू आलं होतं. मी आत वगैरे कुठे गेलो नव्हतो. मी एका रेघेच्या प्रेमात होतो. शिव-शक्ती एकमेकांत कसे मिसळलेत ते गिऱ्हाइकांना सांगत होतो, आणि माझ्या घरचं माणूस दोन भिंतींपलीकडे मला बोलावत होतं.

आता पंचवीस तारखेची गोष्ट. पहिल्या पत्रात 'भट्टीत जाऊ दे' असं मी जे सहज लिहिलं ते सहज नव्हतं. ती रेघ तेवढी एकच साक्षीदार आहे. ते यंत्र वितळलं असतं तर माझं खोटं पक्कं झालं असतं, आणि मी सुटलो असतो. तुला कळवलं ते कशाला, ते मलाही कळत नाही. कुणीतरी हात धरावा असं वाटलं असेल.

म्हणून यंत्र भट्टीत न देता तुझ्याकडे पाठवतोय. तांबटाला आजच बोलावून फळ्यांमध्ये घालून बांधून घेतलंय, जड आहे, उचलताना जप. सोबत टोचा आहे, तुझ्या आईचा. तिच्या बोटांनी त्याचं लोखंड एका बाजूला चकचकीत झालंय. बिंदू दे म्हणून पाठवत नाही. फसलेल्या यंत्राला बिंदू नसतो. फक्त मोज. मग तुला जे करायचं ते कर. वितळव, फेकून दे, माझं तोंड पुन्हा बघू नकोस. मी काही म्हणणार नाही.

क्षमा मागत नाही. मागायची ती जिच्याकडे, ती उत्तर द्यायला नाही, आणि तिच्या वाटची तू द्यावीस असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाबा


१७ एप्रिल

चि. मोजणीदारबाई,

यंत्र काल परत आलं. फळ्या त्याच, गाठी तुझ्या. तांबटाला बोलावून सोडवून घेतलं. आत एक कागद होता. तांबट वाचायला गेला तर मी म्हटलं थांब, माझं मी बघतो. आणि बघता आलं. तू एकेक अक्षर तळहाताएवढं काढलं होतंस, जाड काळ्या शाईने. मान वाकडी करून, अक्षर कडेने नजरेत घेत घेत, एक ओळ वाचायला मला अर्धा तास लागला.

"चव्वेचाळीस. त्याच दिवशी संध्याकाळी मोजले होते."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. आलीस, रडलीस, आणि सवयीने पुढ्यातलं यंत्र मोजलंस. लहानपणापासूनची सवय, ती काय घरात कोण गेलं म्हणून थांबते? चौकटीशिवाय काही कोरलेलं नाही हे दिसलं असेल. तो तिळाएवढा त्रिकोण दिसला असेल, हलल्या हाताचा. मग पंधरा दिवस माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. शेवटच्या दिवशी तो प्रश्न विचारलास, तो काही उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून नाही. मला एक संधी दिली होतीस. आणि मी हो म्हणालो. पुढे दोन पत्रांत पुन्हा हो म्हणालो. फेब्रुवारीत पुन्हा.

सहा वर्षं तू त्या चव्वेचाळीसवर बोट ठेवून बसलीस आणि मी बघून न बघितल्यासारखं करत राहिलो.

कागदावर आणखी काही नव्हतं. उलटून बघितला, उजेडात धरला. तांबटालाही बघायला लावला. "काही नाही काका," म्हणाला. मग पुडकं पुन्हा चाचपलं. टोचा नव्हता. गवतात, फळ्यांच्या फटीत, जमिनीवर, सगळीकडे हात फिरवला. तू टोचा ठेवून घेतलास. बरं केलंस. आईचा आहे, लेकीकडेच असावा. याहून जास्त त्यातून मी काही काढत नाही. काढावंसं वाटतं, पण हात आवरतो.

आज सकाळी तांबटाकडून एक छिन्नी तासाभरासाठी परत मागून घेतली. त्या नवव्या त्रिकोणाची तिसरी रेघ बोटाने शोधली. सुईची रेघ नखाला लागते, डोळे लागत नाहीत. ती जिथे चुकली तिथे छोटी फुली कोरली, माझ्या वडिलांची असायची तशी. त्यांच्यासारखंच बाजूला तारीख घातली. मग कारण. 'हाक आली.' आणि मग जो शब्द त्यांनी नऊ वेळा लिहिला तो मला लिहिता येईना. 'उठलो नाही' असं कोरलं. अक्षरं वेडीवाकडी आली असतील, तांबट म्हणाला वाचता येतात. मग छिन्नी घेऊन तो गेला.

यंत्र आता भिंतीकडे तोंड करून नाही. स्वयंपाकघरात, कपाटाशेजारी, ती होती तिथे उभं केलंय. कुणी आलं तर वाचेल. वाचू दे.

त्या शिक्षिका काल फळं घेऊन आल्या होत्या. त्यांचं ते दारांचं राहून गेलं होतं ना, ते मी त्यांना सांगितलं. म्हटलं, बाई, आत जायला एक दार पुरतं, तुमचं बरोबर होतं. बाकीची आत बसलेल्याला बाहेर यायला असतील. कुठूनही हाक आली तरी जवळचं दार सापडावं. हे कुठल्या पोथीत नाही, माझं मीच जोडलंय, म्हणून विश्वास ठेवा असंही नाही. बाईंनी सफरचंद कापून माझ्या हातात दिलं.

पुढची खोली आता दुसऱ्याची झाली. मी मागच्या खोलीत दाराजवळ खुर्ची टाकून असतो. काम काही नाही, त्यामुळे पुरं करायचंही काही नाही. ये असं म्हणत नाही. पण कधी या बाजूला आलीस तर दार नुसतं लोटलेलं असतं. घंटी बिघडली आहे, वाजवू नकोस. तोंड मला दिसणार नाही, म्हणून बाहेरूनच एकदा हाक मार.

मी उठेन.

बाबा